टास्क मॅनेजरमध्ये ‘हाय’ केलं की नेमकं काय होतं?

गेम अडखळतो किंवा व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला अर्धा तास लागतो. मग यूट्यूबवर कुणीतरी तोडगा सांगतं: टास्क मॅनेजर उघडा, ‘डीटेल्स’मध्ये जा, प्रोग्रामवर राइट क्लिक, ‘सेट प्रायॉरिटी’, आणि ‘हाय’. धाडस असेल तर ‘रिअलटाइम’. करणारे करतात. बहुतेकांना काहीच फरक दिसत नाही, काहींना थोडा दिसतो आणि काहींचा माउस जागच्या जागी गोठतो.

त्या मेनूत वेग वाढवायची सोय नाही, हे आधीच सांगून टाकू. तिथे मिळते ती रांगेतली जागा. रांग लावणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग, म्हणजे शेड्युलर, तुमचा आकडा ऐकून घेतो आणि मग प्रोग्राम प्रत्यक्षात कसा वागतोय ते पाहून आपला हिशेब सतत बदलत राहतो. विंडोजमध्ये हा हिशेब एका तऱ्हेने चालतो, लिनक्समध्ये आता अगदीच वेगळ्या.

## रांग लागते तरी कधी?

सीपीयूचा एक कोअर एका क्षणी एकच काम करतो (एका कोअरचे दोन असल्यासारखे दाखवणारी हायपरथ्रेडिंगची सोय असते, ती तूर्त बाजूला ठेवू). चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात आणि प्रोसेसच्या पोटात स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामांना थ्रेड. कोअरसाठी रांगेत उभे राहतात ते थ्रेड. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर त्यांचा आकडा दिसतो. साध्या लॅपटॉपवरही तो हजारांत असतो, आणि कोअर मात्र आठ किंवा बारा.

केवढी ही गर्दी, असं वाटेल. पण त्यातले जवळजवळ सगळे झोपलेले असतात. कुणी की दाबली जायची वाट बघतोय, कुणी नेटवरून डेटा यायची, कुणी ठरावीक वेळ व्हायची. झोपलेला थ्रेड रांगेत धरतच नाहीत. रांगेत असतात ते ‘मी तयार आहे, आत्ता कोअर द्या’ म्हणणारे, आणि ते बहुतेक वेळा कोअरपेक्षा कमीच असतात.

म्हणून सीपीयूचा वापर ३० टक्के दिसत असताना एखाद्या प्रोग्रामला ‘हाय’ केलं तर काहीही होत नाही. रांगच नाही, तर पुढे घुसायचं कुठे? गेम तरीही अडखळत असेल तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाचा, अपुऱ्या रॅमचा किंवा तापल्यामुळे मंदावलेल्या सीपीयूचा असतो. आणखी एक शक्यता हमखास नजरेतून सुटते. आठ कोअरच्या मशीनवर एकच थ्रेड पूर्ण ताकदीने धावत असेल तर एकूण वापर फक्त १२.५ टक्के दिसतो. त्या थ्रेडला आधीच एक अख्खा कोअर मिळालेला आहे. प्रायॉरिटी वाढवून त्याला दीड कोअर देता येत नाही.

## गिरणीवाल्याचा पेच

रांग लागल्यावर काय करायचं, यासाठी पिठाची गिरणी बघा. जातं एकच. एकाचं चाळीस किलो गव्हाचं पोतं आहे, एकीचा दोन किलो ज्वारीचा डबा. पोतं आधी आलं म्हणून डबेवालीला तासभर तिष्ठत ठेवलं तर ती उद्या दुसऱ्या गिरणीत जाईल. शहाणा गिरणीवाला पोतं मध्येच थांबवून डबा दळून देतो. पोतेवाल्याचं पाच मिनिटांनी काही बिघडत नाही. पण तोच गिरणीवाला दर किलोगणिक धान्य बदलायला लागला, तर जातं झाडण्यात आणि आधीचं पीठ काढण्यातच त्याचा दिवस जाईल.

शेड्युलरचंही तसंच. एक थ्रेड उतरवून दुसरा चढवायला थेट खर्च येतो तो काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे नगण्य. न दिसणारा खर्च मोठा असतो. कोअरच्या अगदी जवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, आधीच्या कामाचा डेटा भरलेला असतो. नव्या थ्रेडला तो निरुपयोगी, त्यामुळे सुरुवातीला त्याला सगळं मुख्य मेमरीतून ओढून आणावं लागतं. म्हणून एकेका थ्रेडला सलग मिळणारा वेळ मिलिसेकंदांत ठेवतात. या सलग वेळेला विंडोजवाले क्वांटम म्हणतात, लिनक्सवाले स्लाइस.

खरी अडचण पुढे आहे. गिरणीवाल्याला डबा आणि पोतं डोळ्यांनी दिसतं. कोणता थ्रेड दोन मिलिसेकंदांत आटोपणार आणि कोणता दोन तास चालणार, हे शेड्युलरला आधी कळायला काही मार्ग नसतो.

## मागचं पाहून पुढचं ठरवायचं

यावरचा पहिला गाजलेला तोडगा एमआयटीत फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस या सिस्टिमसाठी काढला आणि १९६२ मध्ये मांडला. कोर्बाटो यांना पुढे १९९० चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. कल्पना अशी: एकाच्या खाली एक अशा अनेक रांगा ठेवा. दिलेला वेळ संपूनही काम उरलं, की त्या प्रोग्रामला एक पायरी खाली ढकला, पण तिथे पाळी आली की दुप्पट वेळ द्या. छोटी कामं वरच्या वर सुटतात. लांबलचक कामं आपोआप तळाला जातात, आणि तिथे पाळी क्वचित आली तरी मोठी येते.

युनिक्सने हीच गोष्ट आकड्यांत बसवली. १९८६ च्या ४.३ बीएसडी युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसच्या नावावर तिने खाल्लेल्या सीपीयूचा आकडा साचत जायचा. आकडा जितका मोठा तितकी प्रायॉरिटी कमी. पण एकदा बदनाम ते कायमचं बदनाम असं होऊ नये, म्हणून दर सेकंदाला तो आकडा थोडा विसरला जायचा. किती विसरायचा, ते मशीनवरच्या लोडवर, म्हणजे सरासरी किती प्रोसेस कोअर मागत आहेत यावर ठरे. उरणारा भाग म्हणजे लोडची दुप्पट भागिले, लोडची दुप्पट अधिक एक. लोड १ असेल तर दर सेकंदाला जुन्याचा दोन तृतीयांश भाग उरतो, म्हणजे पाच सेकंदांनी जेमतेम १३ टक्के. लोड १० असेल तर गुणक २०/२१ होतो आणि पाच सेकंदांनीही ७८ टक्के शिल्लक असतात.

गर्दीत विसरायचा वेग कमी का? गर्दीत प्रत्येकाची पाळीच उशिरा येते. दोन पाळ्यांच्या मध्ये सगळं विसरलं गेलं तर सीपीयू ओरबाडणारी प्रोसेसही दरवेळी साळसूद दिसणार.

वागणुकीवरून दर्जा द्यायच्या पद्धतीत एक खोट मात्र राहतेच: वागणुकीचं सोंग घेता येतं. कित्येक सिस्टिम कॉम्प्युटरच्या आतल्या घड्याळाचा ठरावीक काळाने येणारा ठोका पडला की त्या क्षणी कोअरवर जो असेल त्याच्या नावावर सगळा वेळ मांडत. मग ठोक्यानंतर लगेच धावायला लागायचं आणि पुढचा ठोका पडायच्या आत झोपी जायचं. वापर शून्य दिसतो, वर ‘बिचारा सारखा झोपतो’ म्हणून बढतीही मिळते. त्साफ्रिर, एत्सिऑन आणि फायटेल्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की या युक्तीने साध्या वापरकर्त्याचा प्रोग्रामही जवळजवळ अख्खा सीपीयू गिळू शकतो, आणि वापराच्या यादीत त्याचं नाव दिसतही नाही.

## विंडोज: बढती झटक्यात, उतरण पायरीपायरीने

विंडोजमध्ये ० ते ३१ अशा ३२ पायऱ्या आहेत. शून्य सिस्टिमने स्वतःसाठी ठेवलेली. १ ते १५ नेहमीच्या प्रोग्रामांसाठी, १६ ते ३१ रिअलटाइमसाठी. मेनूतले शब्द म्हणजे या शिडीवरच्या मुक्कामाच्या जागा: लो ४, बिलो नॉर्मल ६, नॉर्मल ८, अबव्ह नॉर्मल १०, हाय १३ आणि रिअलटाइम २४. तयार थ्रेडांपैकी सगळ्यात वरच्या पायरीवरचा धावतो. एकाच पायरीवर अनेक असतील तर ते आळीपाळीने.

नियम एवढाच असता तर ‘हाय’ केलेल्या एका हावरट प्रोग्रामने बाकीच्यांना उपाशी मारलं असतं. म्हणून विंडोज मुक्कामाच्या पायरीवर तात्पुरती बढती चढवतं. थ्रेड ज्याची वाट बघत झोपला होता ते झालं, की तो वरच्या पायरीवर जागा होतो. किती वर, हे त्या उपकरणाचा ड्रायव्हर सांगतो. ठरलेली मापं अशी: डिस्कसाठी १, नेटवर्कसाठी २, कीबोर्ड-माउससाठी ६, आवाजासाठी ८. मात्र बढती मिळून १५ च्या वर जाता येत नाही. नॉर्मलचा, ८ वरचा थ्रेड कीबोर्डच्या प्रतीक्षेतून उठला तर तो १४ वर असतो, म्हणजे तुम्ही हाताने ‘हाय’ केलेल्या १३ वरच्या प्रोग्रामच्याही पुढे. ही चैन क्षणभराची. एकेक क्वांटम पुरा वापरला की एकेक पायरी खाली, १३, १२, ११ असं करत पुन्हा ८ वर.

डिस्कला १ आणि माउसला ६ का? डिस्कवरची फाइल पन्नास मिलिसेकंद उशिरा वाचली गेली तर कुणाच्या लक्षात येत नाही. पॉइंटर तेवढाच मागे राहिला तर माणूस लगेच वैतागतो. आवाजात तर तेवढी खंड पडली की कानाला सरळ खट् असं ऐकू येतं.

तळाला अडकलेल्यांसाठी वेगळी तजवीज आहे. विंडोजचा एक सिस्टिम थ्रेड दर सेकंदाला रांगा चाळतो, आणि सुमारे ४ सेकंद तयार असूनही पाळी न मिळालेला थ्रेड दिसला की त्याला थेट १५ वर नेऊन थोडा वेळ धावू देतो. याशिवाय घरगुती विंडोजमध्ये समोर उघड्या खिडकीतल्या प्रोग्रामचा क्वांटम तिप्पट असतो: घड्याळाचा ठोका साधारण १५.६ मिलिसेकंदांचा धरला तर मागच्यांना दोन ठोके, समोरच्याला सहा. एक्स्पोर्टची खिडकी मागे टाकून ब्राउझरमध्ये रमलात की एक्स्पोर्ट रेंगाळतं, त्यात याचाही वाटा असू शकतो.

आणि मेनूतून लावलेली प्रायॉरिटी प्रोग्राम बंद करेपर्यंतच टिकते. पुन्हा उघडला की तो परत नॉर्मल.

## लिनक्सने अंदाज बांधणं सोडलं

२००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मधला शेड्युलरही अंदाजांवरच चालायचा. प्रोसेस सरासरी किती झोपते ते बघून तो तिला ५ पायऱ्यांपर्यंत चढवायचा किंवा उतरवायचा. जास्त झोपणारी ती माणसाशी संवाद साधणारी, सतत जागी असणारी ती गणितं करणारी, असं गृहीत. पण व्हिडिओ प्लेअर कुठे बसवायचा? तो भरपूर गणित करतो आणि त्याला वेळही चुकवून चालत नाही. पडद्यावर खिडक्या रंगवणारा एक्स सर्व्हर कामाच्या रेट्यात हावरट दिसायचा, खाली ढकलला जायचा आणि पॉइंटर अडकायला लागायचा. अशा प्रत्येक तक्रारीवर एक नवं ठिगळ लागायचं, आणि ठिगळं एकमेकांना नडायची.

कॉन कोलिवास हे ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ, कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर, हौसेने काम करणारे. अंदाज पूर्ण सोडून सरळ समान वाटणी केली तरी डेस्कटॉप उत्तम चालतो, हे त्यांनी २००७ च्या सुरुवातीला कोड लिहून दाखवलं. त्याच धाग्यावर कर्नेलचे जुने इंजिनिअर इंगो मोल्नार यांनी सीएफएस हा शेड्युलर लिहिला आणि ऑक्टोबर २००७ च्या २.६.२३ आवृत्तीत तो आला. त्यांनी कोलिवास यांचं श्रेय मान्यही केलं. कोलिवास यांचा कोड न घेता मोल्नार यांचा घेतला गेला, या वादात कोण बरोबर यावर आजही लोक हमरीतुमरीवर येतात. कल्पना कोलिवास यांची खरी ठरली, एवढं मात्र निर्विवाद.

सीएफएसमध्ये प्रत्येक प्रोसेसच्या खात्यावर तिने वापरलेला वेळ नॅनोसेकंदांत लिहिला जातो. ठोक्याच्या भरवशावर काही नाही, त्यामुळे वरची लपाछपी संपली. ज्याच्या खात्यावर वेळ सगळ्यात कमी, पुढची पाळी त्याची.

एका कोअरवर दोनच प्रोसेस आहेत असं धरू. एक व्हिडिओ कन्व्हर्टर, सतत भुकेला. दुसरा मजकूर लिहायचा एडिटर. तुम्ही सेकंदाला पाच कीज दाबता आणि दर कीला एडिटरला २ मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला १० मिलिसेकंद. त्याचा न्याय्य वाटा ५०० मिलिसेकंदांचा होता. त्यामुळे की दाबली की दरवेळी एडिटरचं खातं कन्व्हर्टरच्या मागेच सापडतं आणि पाळी त्याला मिळते. हा प्रोग्राम माणसाशी बोलणारा आहे का, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तरी उत्तर बरोबर आलं.

हे ऐकून एक शंका येतेच: मग तासभर झोपलेली प्रोसेस उठली की तासाभराची थकबाकी वसूल करत बसेल? नाही. उठताना तिचं खातं रांगेतल्या इतरांच्या जवळपास आणून ठेवलं जातं. थोडी सवलत मिळते, अख्ख्या तासाची नाही.

सोळा वर्षांनी सीएफएसची जागा ईईव्हीडीएफने घेतली. पीटर झाइल्स्ट्रा यांनी तो ऑक्टोबर २०२३ च्या ६.६ आवृत्तीत आणला. मूळ पद्धत आयन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांची, १९९५ ची. यात दोन गोष्टी बघतात. एक, या प्रोसेसचं येणं आहे की देणं, म्हणजे वाट्यापेक्षा कमी मिळालंय की जास्त. जास्त मिळालेल्यांना बाजूला थांबवतात. दोन, उरलेल्यांपैकी कुणाची मुदत आधी संपते. मुदत मागितलेल्या स्लाइसवर ठरते: छोटी स्लाइस मागणाऱ्याची जवळची, मोठी मागणाऱ्याची लांबची.

यामुळे आधी एकाच आकड्यात कोंबलेल्या दोन मागण्या सुट्या झाल्या. ‘मला जास्त द्या’ आणि ‘मला लवकर द्या’ या वेगळ्या गोष्टी आहेत. आवाज वाजवणाऱ्या प्रोग्रामला सीपीयूचा एखादा टक्काच हवा असतो, पण मागितल्याबरोबर हवा असतो. नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून प्रोग्रामला स्वतःची स्लाइस ०.१ ते १०० मिलिसेकंदांत मागता येते. छोटी मागितली की पाळी लवकर येते, पण एकूण वाटा वाढत नाही.

## नाइसचा आकडा म्हणजे वजन

मग वापरकर्त्याच्या हातात काय उरतं? लिनक्समध्ये नाइस. -२० ते १९, मधला ०. आकडा जितका मोठा तितकी प्रोसेस इतरांशी सौजन्याने वागणारी. उलटं वाटतं, पण तसंच आहे. कर्नेल या आकड्याचं वजन करतो: नाइस ० चं वजन १०२४, १ चं ८२०, ५ चं ३३५, १० चं ११०, १९ चं १५. दुसऱ्या टोकाला -५ चं ३१२१ आणि -२० चं ८८,७६१. एका पायरीचा फरक साधारण सव्वापट.

खात्यावर वेळ लिहिताना हे वजन लागू होतं. नाइस ० ची प्रोसेस १० मिलिसेकंद धावली तर १० मांडतात. नाइस ५ ची तेवढीच धावली तर १०२४ भागिले ३३५ या हिशेबाने सुमारे ३०.६ मांडतात. तिचं मीटर तिप्पट वेगाने पळतं म्हणून पाळी कमी येते. एका कोअरवर दोघीच असतील तर वाटणी सुमारे ७५ आणि २५ टक्के. ० विरुद्ध १९ असेल तर ९८.६ आणि १.४. नाइस १० आणि नाइस १५ अशा दोघी असतील तरी पुन्हा ७५ आणि २५ च, कारण मोजतात ते अंतर.

रिकाम्या मशीनवर नाइस १९ ची प्रोसेसही १०० टक्के कोअर वापरते. म्हणून बॅकअप, फाइल कॉम्प्रेस करणं, मोठा कोड कंपाइल करणं अशी कामं बिनदिक्कत १९ वर टाकावीत. कुणी मागत नसेल तर त्यांचं काही कमी होत नाही. कमांडच्या आधी नुसतं ‘नाइस’ लिहिलं आणि आकडा दिला नाही तर १० धरतात. चालू प्रोसेससाठी ‘रीनाइस’. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘टॉप’ या कमांडच्या यादीत ‘एनआय’ या स्तंभात हा आकडा दिसतो, शेजारच्या ‘पीआर’मध्ये त्यात २० मिळवलेले असतात.

रीनाइस करताना जरा जपून. साध्या वापरकर्त्याला आकडा वाढवता येतो, कमी करता येत नाही. ० वरून १० केलं आणि विचार बदलला, तर परत ० करायला सहसा रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड लागतो.

## ‘नाइस १९ लावलं, तरी मशीन जड चालतंय’

ही तक्रार खूप जणांची, आणि कारणं ठरलेली.

सगळ्यात नेहमीचं कारण डिस्क. बॅकअपमुळे मशीन अडकतं ते बहुधा सीपीयूमुळे नाही. ‘टॉप’च्या वरच्या ओळीत ‘डब्ल्यूए’चा आकडा चढलेला असेल, प्रोसेसच्या स्थितीच्या स्तंभात ‘डी’ दिसत असेल, तर ती प्रोसेस डिस्कच्या उत्तरासाठी खोळंबली आहे. ती सीपीयूच्या रांगेतच नाही, त्यामुळे नाइस काहीही करा. डिस्कसाठी ‘आयोनाइस’ ही वेगळी कमांड आहे, पण तिचा परिणाम डिस्कच्या रांगेचा शेड्युलर कोणता यावर अवलंबून. बीएफक्यू नावाचा असेल तर ती चांगली चालते. एनव्हीएमई या वेगवान प्रकारच्या डिस्कवर बहुधा ‘नन’, म्हणजे शेड्युलरच नाही, असं असतं, तिथे सांगून उपयोग नाही.

दुसरं कारण फारच कमी जणांना ठाऊक असतं. २०११ च्या २.६.३८ आवृत्तीपासून लिनक्समध्ये ऑटोग्रुप आहे आणि डेस्कटॉपवर तो बहुधा चालू असतो. प्रत्येक टर्मिनल सेशनचा एक गट धरतात आणि आधी गटांत समान वाटणी होते, मग गटाच्या आत नाइस बघतात. एका टर्मिनलमध्ये नाइस १९ ने कंपाइल लावलंत आणि दुसऱ्यात साधा प्रोग्राम, तर दोघांना निम्मं निम्मं मिळू शकतं, कारण आपापल्या गटात दोघं एकटेच. प्रॉक फोल्डरमध्ये त्या प्रोसेसच्या नावाने ऑटोग्रुपची फाइल असते, तिच्यात आकडा लिहिला तर अख्ख्या गटाचा नाइस बदलतो. सर्व्हरवर आणि कंटेनरमध्ये सीग्रुपचं, म्हणजे प्रोसेसच्या गटाला दिलेलं, वजन हेच काम करतं. नेहमीचं १००, आणि १ ते १०,००० पर्यंत देता येतं.

रॅम अपुरी पडून स्वॅप, म्हणजे रॅममधला डेटा डिस्कवर हलवणं, सुरू झालं असेल तर मात्र प्रायॉरिटीशी खेळण्यात वेळ घालवू नका. आधी टॅब बंद करा.

## ‘एवढी भानगड कशाला? सरळ रिअलटाइम लावू’

रिअलटाइम म्हणजे वेगवान, हा गैरसमज त्या नावाने पसरवला आहे. विंडोजमध्ये १६ च्या वरच्या थ्रेडांना ना बढती मिळते ना उतरण. ते स्वतः थांबेपर्यंत धावतात. २४ वरचा प्रोग्राम थांबला नाही, तर डिस्कवर डेटा उतरवणारी सिस्टिमची कामं रखडतात आणि माउस हलेनासा होतो, असा इशारा मायक्रोसॉफ्टच्या माहितीपत्रकातच आहे. सुरुवातीला सांगितलेला गोठलेला पॉइंटर तो हाच. हक्क नसलेल्या खात्यावरून रिअलटाइम निवडलं तर विंडोज काही न बोलता ‘हाय’ देतं, आणि कित्येकांचं मशीन त्यामुळेच वाचतं.

लिनक्समध्ये रिअलटाइमच्या १ ते ९९ पायऱ्या नाइसवाल्या सगळ्यांच्या वर आहेत. अशी प्रोसेस अनंत फेऱ्यांत अडकली तर निदान तिला मारून टाकायची कमांड देता यावी, म्हणून मुळातच मर्यादा घातलेली असते: दर सेकंदातले ९५० मिलिसेकंदच रिअलटाइमला, उरलेले ५० बाकीच्यांना.

## वरचा खालच्यासाठी खोळंबतो तेव्हा

प्रायॉरिटी बरोबर लावूनही घोटाळा होतो, त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला उतरलं. हवामानाची मोजमापं सुरू झाल्यावर काही दिवसांतच त्यावरचा कॉम्प्युटर मध्येच रीसेट व्हायला लागला. दर रीसेटला त्या दिवसाची उरलेली कामं बुडायची.

त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअलटाइम सिस्टिम होती. हवामानाचं काम खालच्या प्रायॉरिटीचं, माहिती सगळीकडे पोचवणारं काम वरच्या. दोघांना एक सामायिक साधन लागायचं, आणि ते एका वेळी एकालाच मिळावं म्हणून त्याला लॉक होतं. हवामानवाल्याने लॉक घेतलं. तेवढ्यात वरच्याला ते हवं झालं, म्हणून तो थांबला. इथपर्यंत ठीक, कारण खालचा क्षणात आटोपणार होता. पण मधल्या प्रायॉरिटीची लांबलचक कामं आली. त्यांना लॉकशी देणंघेणं नव्हतं. ती खालच्याला बाजूला सारून धावत बसली. खालचा धावेना, म्हणून लॉक सुटेना, म्हणून वरचा अडकलेला. वरचं काम वेळेत झालं का यावर पहारा होता. त्याने ते झालेलं नाही असं पाहून सिस्टिम रीसेट केली.

याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. औषध ठाऊक होतं. शा, राजकुमार आणि लेहॉत्स्की यांचा त्यावरचा लेख १९९० चा आहे: वरचा जोवर लॉकसाठी थांबलाय, तोवर लॉक धरून बसलेल्या खालच्याला वरच्याचीच प्रायॉरिटी उसनी द्या. मग मधले त्याला हटवू शकत नाहीत, तो काम संपवतो, लॉक सोडतो आणि आपल्या पायरीवर परत येतो. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, फक्त त्या लॉकसाठी बंद होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर इंजिनिअरांनी बिघाड पुन्हा घडवून पाहिला आणि ती सोय चालू करणारा बदल मंगळावर पाठवला.

विंडोजमध्ये अशी उसनवारी साध्या लॉकसाठी होत नाही. तिथे ४ सेकंद उपाशी राहिलेल्याला १५ वर नेणारा तो रखवालदार थ्रेडच अडकलेलं लॉक कधीतरी सोडवतो. ‘हाय’ केलेला प्रोग्राम मध्येच काही सेकंद थिजून पुन्हा चालू लागला, तर हे एक कारण मनात ठेवावं.

## आणि फोनवरचे ‘बूस्टर’?

अँड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे, आणि नाइसचे तेच आकडे तिथेही आहेत: मागे चालणाऱ्या कामांना १०, पडद्याच्या कामांना -४ किंवा -८, आवाजाला -१६ किंवा -१९. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र तयार लागतं, १२० हर्ट्झवर ८.३ मध्ये. म्हणून समोरच्या ॲपला वेगळा गट आणि सगळे कोअर मिळतात, मागच्यांना बहुधा छोट्या, कमी बॅटरी खाणाऱ्या कोअरवर बसवतात. ॲप समोरून मागे गेलं की हा बदल लगेच होतो, कुणी काही दाबावं लागत नाही.

ॲप स्टोअरवरून घेतलेलं बूस्टर ॲप, म्हणजे फोन वेगवान करून देतो म्हणणारं, यातलं काहीही बदलू शकत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालतं, आणि रूट नसलेल्या फोनवर एका ॲपला दुसऱ्याची प्रायॉरिटी बदलायची परवानगी नाही. (फोन कंपनीने स्वतः घालून दिलेला गेम मोड वेगळा. त्याच्याकडे सिस्टिमचे हक्क असतात.) बूस्टर पूर्वी एवढंच करायचे की मागची ॲप्स मारून टाकायची. ती थोड्या वेळाने पुन्हा उठायची आणि नव्याने सुरू होताना आधीपेक्षा जास्त सीपीयू खायची. अँड्रॉइड १४ पासून तर तेही दार बंद झालंय: सिस्टिमला केलेल्या ज्या विनंतीने हे व्हायचं, तिने ॲपला आता फक्त स्वतःच्याच मागच्या प्रोसेस मारता येतात.